खालच्या मावशींची साक्ष

"वहिनी, आज तोंडाला कुलूप. कोर्टात एक शब्द काढायचा नाही," वकिलांनी तिला बजावलं होतं. हे म्हणजे फुटक्या नळाला गळू नकोस म्हणण्यातलाच प्रकार! तरी ती पदराचं टोक दातांत धरून बाकावर बसली.

समोर आरोपी म्हणून तिचा नवरा उभा होता. विजेची कामं करणारा साधा माणूस. ज्या दुकानात त्याने दिवे बसवले, तिथेच एका संध्याकाळी चोरी झाली आणि आळ याच्यावर आला. त्या वेळी तो आपल्याच घराच्या जिन्यात होता, हे पाहणाऱ्या दोघीच. एक बायको, आणि बायकोचं कोण ऐकतंय? दुसऱ्या खालच्या मजल्यावरच्या मावशी, आणि त्या दुसऱ्याच दिवशी विमानात बसून लेकीकडे परदेशी गेल्या. त्यांनी तोंड उघडलं नाही तर नवरा तुरुंगात जाणार होता.

पण मावशींना काय पडलंय? दोघींचा छत्तीसचा आकडा. हिच्या धुण्याचं पाणी मावशींच्या गॅलरीत आणि मावशींचा आवाज हिच्या स्वयंपाकघरात, हे वर्षानुवर्षं चाललेलं. मावशी गेल्या तेव्हा ही म्हणाली होती, "सुटले बाई एकदाची!" आता ते आठवलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. फोन करून हातापाया पडावं, तर वकिलांनी तीही वाट बंद केलेली. साक्षीदाराला पढवलं म्हणतील.

न्यायाधीशबाईंनी पडद्यावरून साक्ष घ्यायला परवानगी दिली होती. तिकडे परदेशातल्या भारतीय वकिलातीच्या खोलीत मावशी, शेजारी एक अधिकारी. पडद्यावर आधी नुसता अंबाडा आला, मग कपाळ, मग एकदाच्या अख्ख्या मावशी. अंगात पांढरा कोट.

"ती संध्याकाळ नक्की आठवते?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"न आठवायला काय झालं? दुसऱ्या दिवशी माझं विमान. हा नवा कोरा कोट गॅलरीत टाकला होता, त्यावर वरून हिच्या चादरीचा रंग गळला. हे बघा!" मावशी उठून पाठमोऱ्या झाल्या. पाठीवर हा एवढा निळा डाग. "जिन्यात हिची चांगली खरडपट्टी काढली. दिवेलागणीपासून पार जेवायच्या वेळेपर्यंत. आणि हा बिचारा मधे बादली घेऊन उभा."

"म्हणजे शेजारधर्म म्हणून त्याला वाचवताय."

"शेजारधर्म? हिच्याशी? अहो, या बाईला मी कधी चमचाभर साखर दिली नाही, आणि खोटी साक्ष देऊ?"

झालं! दातांतला पदर सुटला.

"मी मागितली कधी तुमची साखर? आणि रंग पक्का म्हणून सांगूनच विकली होती मला चादर!"

"मग पिळायला काय होतं?"

"मनगट दुखत होतं माझं!"

"मग सांगायचं होतंस, बये! मी दिली असती पिळून!"

तिकडे नवऱ्याने सवयीने दोन्ही हात वर केले. "मावशी, जाऊ द्या. अगं, तू वर जा बघू."

वकिलांनी कपाळाला हात लावला. न्यायाधीशबाईंनी मात्र शांतपणे विचारलं, "त्या संध्याकाळीही असंच चाललं होतं?"

"अस्संच," मावशी म्हणाल्या. "फक्त त्याच्या हातात बादली होती."

अख्खं कोर्ट हसलं. शिपाईसुद्धा भिंतीकडे तोंड करून हसला. हिला मधे बोलल्याबद्दल बाईंनी समज दिली, ती हिने मान खाली घालून ऐकली.

पुढे निकाल लागला, नवरा निर्दोष सुटला. पढवलेली साक्षीदार अशी भांडत नाही, असं बाईंनी सरळ म्हटलं. ही तिथेच हमसून हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी तिने धुणं काढलं. खालची गॅलरी रिकामी, दाराला कुलूप. कितीही गळलं तरी ओरडणारं कोणी नव्हतं. तिने एकेक कपडा थेंब निथळेनासा होईपर्यंत पिळला, दोरीवर टाकला आणि मग मावशींना फोन लावला.

"कोण? वरची का?"

"हो," ती म्हणाली. "मावशी, कधी येताय परत?"

"का गं? भांडायला कोणी मिळेना?"

"नाही ना," ती म्हणाली.