लाल रेघेच्या खाली

"ताई, कर ना सही. सकाळपासून मशीन नुसतं उभं आहे," पोकलेनच्या केबिनमधून भाऊ वाकून म्हणाला.

ताईने मान वर केली नाही. केबल शोधायचं यंत्र जमिनीलगत धरून ती पावलापावलाने सरकत होती. हॉस्पिटलच्या मागे पाण्याची नवी लाईन टाकायची होती. खोदाईच्या परवान्यावर तिची सही झाल्याशिवाय जमिनीला हात लावायचा नाही, असा नियम होता. अकरा वर्षं ती हेच काम करत होती.

ठेकेदार नकाशा घेऊन आला. "मॅडम, विजेची केबल इथून तीन मीटर लांब आहे. कागदावर स्पष्ट आहे."

"कागदावर असेल. यंत्र इथे वाजतंय." तिने रंगाच्या स्प्रेने मातीवर लाल रेघ मारली. "आधी हाताने खड्डा घ्या. फावड्याने, हलक्या हाताने. पहार नको."

"अहो, अख्खा दिवस जाईल."

"जाऊ दे."

ठेकेदार भावाकडे बघून हसला. "तुमच्या ताईला जरा समजवा."

"घरीपण अशीच आहे," भाऊ म्हणाला. "एकदा हट्टाला पेटली की संपलं."

सगळे हसले. चारचौघांत बोललेलं तिला लागलं. पण फाईल काखेत मारून ती तिथेच उभी राहिली.

दोघा मजुरांनी माती उपसली. मांडीभर खोलीवर विटांचा थर लागला. विटा बाजूला केल्या तर खाली मनगटाएवढी जाड, काळी केबल. हॉस्पिटलची विजेची मुख्य लाईन. रेघेच्या बरोबर खाली, वीतभरही इकडे-तिकडे नाही.

भाऊ केबिनमधून उतरला. बराच वेळ खड्ड्यात बघत राहिला.

"पहिला घाव मी इथेच घालणार होतो," तो हळूच म्हणाला. मग त्याने वर, ऑपरेशनच्या खोल्यांच्या उजळलेल्या खिडक्यांकडे पाहिलं.

ताईने टेप खड्ड्यात सोडून खोली मोजली, नकाशावरची चुकीची रेषा खोडून खरी काढली. केबलच्या दोन्ही बाजूंना एक मीटरपर्यंत मशीन लावायचं नाही, असं परवान्यावर लिहिलं आणि ठसठशीत सही केली.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या रस्त्यावर काम निघालं. ती यंत्र घेऊन वाकलेली असताना मागून नव्या ठेकेदाराचा आवाज आला, "अरे, कशाची वाट बघतोस? चालू कर की."

भावाने इंजिन बंद ठेवलं होतं.

"थांबा जरा," तो म्हणाला. "मॅडम बघतायत."

ताईने वळून पाहिलं नाही. यंत्र जमिनीलगत धरून तिने पुढचं पाऊल टाकलं.