वरची मूठ

कमी देऊन माणूस चोर ठरला, तर ते समजू शकतं. जास्त देणाऱ्याला चोर ठरवायची अक्कल मात्र मोठ्या कंपनीलाच सुचते, आणि तीही हात जोडल्याचं चित्र लावून. साधनाच्या फोनवर निरोप आला तेव्हा ती गिरणीत होती. ‘वजनाची खोटी माहिती वारंवार दिल्यामुळे आपलं दुकान बंद करण्यात येत आहे. धन्यवाद.’ धन्यवाद कशाबद्दल, ते काही लिहिलं नव्हतं.

सिंदेवाहीच्या अलीकडच्या त्या गावात बायकांचा बचत गट आपल्याच बांध्यांतला, म्हणजे भातखाचरांतला, धान भरडून एचएमटी जातीचा तांदूळ विकायचा. व्यापारी तो घेऊन जायचा, त्यात कुठला तरी हलका तांदूळ मिसळायचा आणि पोत्यावर स्वतःचं नाव छापायचा. बायकांना हे खटकलं. आपला तांदूळ आपल्या नावानं गेला पाहिजे, ऑनलाइन गेला तरी चालेल, असं ठरलं. गटात बी.कॉम. झालेली साधना एकटीच, तेव्हा दुकान कुठं थाटायचं हा धोंडा तिच्या गळ्यात आला.

तिचा भाऊ सूरज भद्रावतीला दुकानदारांना वेबसाइट करून द्यायचा. तो म्हणाला, ताई, स्वतःचं लहानसं दुकान काढ, सावकाश चालेल पण गिऱ्हाईक तुझं राहील. साधनानं त्याला वेड्यात काढलं. गावाबाहेर झाडाखाली टोपली मांडून बसलं तर कोण कुत्रं फिरकणार? बाजार भरतो तिथं बसावं. आणि बाजार भरत होता त्या मोठ्या कंपनीच्या अ‍ॅपवर, जिच्या जाहिरातीत सगळे सतत हसत असतात. बायकांनाही ते पटलं. गटाच्या अध्यक्ष देवकाबाईंनी तेवढं एकच विचारलं, की घेणाऱ्याशी आपल्याला बोलता येईल का. साधना म्हणाली, कंपनी त्याचा नंबर देत नाही, आणि बोलून करायचं काय? देवकाबाईंचं समाधान झालं नव्हतं हे दिसत होतं.

दुकान मात्र झपाट्यानं चाललं. पुणे, हैदराबाद, कुठून कुठून मागणी येऊ लागली. भात मोकळा होतो, वास चांगला येतो, असं लोक लिहायचे आणि साधना ते रोज संध्याकाळी बायकांना वाचून दाखवायची. गटातली अन्नपूर्णा तर एकच वाक्य दोनदा वाचायला लावायची. व्यापाऱ्याच्या पोत्याखाली दडपलेलं आपलं गाव आता लोकांच्या तोंडी आलं, याचं सगळ्यांना अप्रूप होतं.

मग कंपनीचा पहिला इशारा आला: लिहिलेलं वजन आणि पार्सलचं वजन जुळत नाही. साधनानं काटा तपासला. काटा ठीक होता. दुसऱ्या दिवशी ती पिशव्या भरताना शेजारी उभी राहिली, तेव्हा घोळ कळला. देवकाबाई पाच किलो चोख मोजायच्या, पिशवी काट्यावरून खाली घ्यायच्या आणि शिवायच्या आधी वरून एक मूठ तांदूळ टाकायच्या. मापावर शीग, म्हणजे वरचा ढीग, लावल्याशिवाय या गावात कुणी कुणाला धान्य देत नाही. सपाट माप म्हणजे दारात आलेल्याला ‘तू परका’ असं तोंडावर सांगणं. ती मूठ काट्यावर ठेवायची नसते, कारण मोजली की ती विकल्यासारखी होते. देवकाबाईंची मूठही काही लहान नव्हती. जन्मभर चिखलात धानाची रोवणी केलेल्या हाताची ती मूठ.

पहिला राग साधनाला देवकाबाईंचाच आला. पण ‘टाकू नका’ म्हणायला तिची जीभ रेटेना. तिनं शहाणपण केलं. मुठीचं वजन धरून कंपनीच्या अ‍ॅपवर पाच किलो दोनशे ग्रॅम लिहिलं आणि बायकांना सांगितलं, आता एवढं भरत जा. बायकांनी पाच किलो दोनशे ग्रॅम चोख भरलं, पिशवी खाली घेतली आणि वरून एक मूठ टाकली. साधनानं कपाळावर हात मारून घेतला. आता यांना समजवायचं तरी काय? त्यांचं काही चुकलंच नव्हतं. तोवर पिशव्या रवाना झाल्या होत्या, आणि मग तो धन्यवादाचा निरोप आला.

भरडलेला तांदूळ गिरणीत थप्पी लागून होता. दिवाळी तोंडावर होती. दुकान पुन्हा उघडायला कंपनीनं एक सोपा मार्ग ठेवला होता. ‘आम्ही वजनाची खोटी माहिती दिली हे मान्य करतो व पुढे असे करणार नाही’ या वाक्यापुढच्या चौकटीत बोट टेकवायचं. ‘आम्ही जास्त दिलं’ असं म्हणायला कुठंच जागा नव्हती. त्या कंपनीच्या लेखी कमी काय आणि जास्त काय, दोन्ही खोटंच. इतकी मोठी कंपनी, आणि दानत ओळखायची सोयच केलेली नाही.

अन्नपूर्णा म्हणाली, बोट टेकवायला काय जातं, टेकव आणि मोकळी हो. दोघीतिघींनी मान हलवली. त्यांचंही खोटं नव्हतं, घरात सण होता. देवकाबाई सुपातले खडे वेचत होत्या.

“मूठ बंद करा म्हणशीन तं बंद करू,” त्या म्हणाल्या. “मले वाईट वाटन, पण करू. आपुन खोटं माप देल्लं, असं मात्र लिहून नोको देऊ, साधना. व्यापाऱ्यानंबी आपल्याले असं कधी म्हटलं नाई.”

साधनानं कंपनीला फोन लावला. बराच वेळ सनई वाजली, मग एका मुलीचा गोड आवाज आला. साधनानं सगळं सांगितलं. मुलगी हिंदीतून म्हणाली, कम हो या ज्यादा, मॅम, मिसमॅच तो मिसमॅच है. साधनाचा आवाज चढला. ती मराठीतच बोलत सुटली, की बाई, आम्ही माणसाला फुकट जास्त देतो आणि तुम्ही आम्हाला लबाड म्हणता, हा कुठला न्याय? मग ती मुलगी हळूच मराठीत म्हणाली, “ताई, मला कळतंय. पण माझ्यासमोर तेवढीच चौकट आहे. आणि कॉल रेकॉर्ड होतो.”

त्या बिचारीवर काय चिडायचं? साधनानं फोन ठेवला. चौकट अजून पडद्यावर होती. एक बोट टेकवलं की थप्पी हलली असती, दिवाळी झाली असती. तिला संताप आला तो याचा, की हे इतकं सोपं करून ठेवलं होतं. लबाड व्हायला कष्टच नकोत. तिनं अ‍ॅप काढून टाकलं आणि बायकांकडं न बघता सूरजला फोन केला.

ते फुकटात पडलं नाही. भात मोकळा होतो म्हणणारी ती सगळी माणसं कंपनीकडंच राहिली. त्यातल्या एकाचाही नंबर गटाकडं नव्हता. देवकाबाईंनी विचारलेलं साधनाला आठवलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. अन्नपूर्णा दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. सूरजनं दुकानाचं पान करून दिलं, त्यावर तांदळाचा फोटो, गावाचं नाव आणि साधनाचा नंबर टाकला. दिवाळी गेली. थप्पी जवळजवळ तशीच होती. झाडाखाली टोपली मांडून बसण्यातलाच हा प्रकार.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास फोन आला. भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीतून एक गृहस्थ बोलत होते. आवाज करडा, माणूस हिशेबी. त्यांनी तांदूळ कुठला, पॉलिश केला का, पोचणार केव्हा, सगळं खोदून विचारलं. फोन स्पीकरवर होता, बायका काम थांबवून ऐकत होत्या. या वर्षातलं हे पहिलं गिऱ्हाईक, ज्याचा आवाज त्यांना ऐकू येत होता. अन्नपूर्णासुद्धा जवळ सरकली.

“शेवटचं सांगा,” ते म्हणाले. “ऑनलाइनवाले फसवून राह्यले आजकाल. पाच किलो म्हणजे बरोबर पाच किलोच भरन ना?”

देवकाबाईंनी नुकतीच एक पिशवी काट्यावरून खाली घेतली होती. त्यांचा हात सुपातल्या तांदळात होता, आणि त्या साधनाकडं बघत थांबल्या होत्या.

“नाई भाऊ,” साधना म्हणाली. “बरोबर पाच पायजे असंन तं त्या मोठ्या कंपनीकडून घ्या. आमच्याकडं जास्तच भेटते.”

देवकाबाईंनी मूठ भरली.