माझा टोला, अंजूचा हात

मी एक जुना लोखंडी रुळाचा तुकडा आहे. हातभर लांब, चांगला जड आणि स्वभावाने मुळीच नरम नाही. बोरी अरबजवळच्या एका शाळेत मी कडुनिंबाला टांगलेला असतो. मित्रांनो, तुम्ही मला घंटा म्हणा, माझी हरकत नाही.

माझा जन्म भट्टीतला. पुढे छोट्या आगगाडीच्या मार्गात मी कैक वर्षे पडून होतो. चाके अंगावरून गेली, पण मी कधी कुरकुर केली नाही. रूळ बदलताना उरलेला हा तुकडा एका गुरुजींनी मागून घेतला आणि बैलगाडीतून शाळेत आणला. माझा टोला नाल्यापलीकडच्या शेताच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, ऐकू जातो, असे लोक सांगत. स्तुती कुणाला आवडत नाही? मीही फुगलो.

मग पाचवीत अंजू आली. तांड्यावरच्या देवीलालची पोर. पहिल्याच टोल्याला ती कान दाबून खाली बसली. बाक ओढला, खिचडीच्या ताटल्या आदळल्या, की तिच्या डोळ्यांत पाणी. पोरे मग मुद्दाम ताटल्या बडवू लागली. खरे सांगतो, मलाही तिचा रागच आला. माझ्या आवाजाला कुणी कान झाकावेत?

तिच्या याडीने, म्हणजे आईने, मानीबाईने तिच्या कानांत घरचा कापूस कोंबला. आमच्याकडे कापसाला काय तोटा? बोळे दिवसभर कानांतच. दिवाळीनंतर पाहतो तर पोरगी पेन्सिल पडली तरी दचकू लागली. शेवटी देवीलाल शाळा सोडल्याचा दाखला मागायला आला. माझ्याच खाली उभा राहून अंजूच्या वर्गाच्या दीपा मॅडमना म्हणाला, "मॅडम, पोरगी रोज रडून राह्यली. हिचं नाव काढून टाका. पोरगी घरी राहीन, कापूस वेचीन."

"मी शाळा सोडत नाई," अंजू म्हणाली. कान दाबूनच म्हणाली. "मले आवाज टोचते. शाळा नाई टोचत."

"दाखल्याचं नंतर बघू," मॅडम म्हणाल्या. "आधी यवतमाळला कान दाखवू. मी येते सोबत."

तोवर हेडमास्तरांनी पोरीची दया येऊन मला झाडावरून उतरवले आणि मोडक्या बाकांच्या खोलीत टाकले. शाळा शिट्टीवर चालू लागली. माझ्या अंगावर पालीने बस्तान मांडले. एका पोरीपायी माझी ही गत! मी नुसता धुमसत होतो.

आठव्या दिवशी दार उघडले. दारात अंजू, मागे मानीबाई आणि हेडमास्तर.

"डाक्तरीण म्हणे कान ठणठणीत हायेत," मानीबाई सांगत होती. "हे नखरे नाईत, बाहेरची बाधा नाई. आवाजच हिले जास्त मोठा लागते. अन् कापूस काढा म्हणे, त्यानं कान अजून हळवे झाले. हळूहळू सवय करा, पण वाजवायच्या आधी हिले सांगा. दर महिन्याले बोलावलं हाय."

"मग शिट्टीच बरी," हेडमास्तर म्हणाले.

"शिट्टी तर अचानकच वाजते, गुरुजी," अंजू म्हणाली. "हे बाहेर काढा. मीच वाजवीन. माह्या हातात असलं म्हंजे मले माहीत राहीन, कवा वाजणार हाय ते."

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला पुन्हा निंबाला टांगले आणि दहाला तिने हातोडी उचलली. आता ही खाली बसणार म्हणून पोरे टपून उभी. पहिला टोला इतका हळू, की मलाच लाज वाटली. दुसरा जरा बरा. तिसऱ्याला तिने दात आवळले आणि असा घाव घातला, की निंबावरचे कावळे उडाले. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होते, पण हात कानांकडे गेला नाही. त्या दिवशी मला माझ्या आवाजाचा नव्हे, त्या पोरीचा अभिमान वाटला.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी 'मला जपा' अशी विनवणी असते. मी ती करणार नाही. लोखंडाला काय जपायचे? तुम्ही ताटली बडवण्याआधी शेजारी कोण बसले आहे ते बघा. आणि तुम्हालाच आवाज टोचत असेल, तर सोसत बसू नका. घरी सांगा, दवाखाना गाठा.

अंजूला कुकरच्या शिट्टीने अजूनही रडू येते. दर महिन्याला ती यवतमाळला जाते. देवीलाल मात्र पुन्हा दाखला मागायला आला नाही. उद्या दहाला टोला तीच देणार आहे, आणि जोरात देणार आहे. कान झाकायचे असतील तर खुशाल झाका. इथे आता कुणी हसत नाही.