आत्याला रोज दिसणारी इमारत

डोळ्यांच्या रुग्णालयातल्या बैठकीच्या खोलीत पडदे ओढले गेले आणि भिंतीवर फिल्म सुरू झाली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर घरी काय काळजी घ्यावी, याची. बनवली होती चिमणीने. चाळिशीला टेकलेल्या बाईला चिमणी म्हणणारी माणसं आता घरातही दोन-तीनच उरली होती; रुग्णालयात ती ‘फिल्मवाल्या मॅडम’ होती.

आधी सकाळच्या उन्हात न्हालेली इमारत दिसली, मग बाग, मग रांगेत हसणारे डॉक्टर. त्यानंतर औषधाच्या दोन बाटल्या, आणि त्यांच्याशेजारी नाजूक अक्षरांत उमटणाऱ्या सूचना. बोलणं एका शब्दाचंही नाही, नुसती मंद बासरी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठे डॉक्टर खुशीत म्हणाले, “आता त्या छापील चिठ्ठ्या बंद! फोन काय, हल्ली सगळ्यांकडे असतो.”

मागच्या खुर्चीवरून मोठ्या सिस्टर उठल्या. तीस वर्षं त्या चिठ्ठ्या त्याच वाचून दाखवत आल्या होत्या.

“मॅडम, फिल्म देखणी आहे हो. पण ज्याच्या एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यात मोतीबिंदू, त्याने ती बघायची कशी?”

चिमणी हसली. “घरचं कुणीतरी दाखवेल की, सिस्टर.”

“आणि घरात कुणी नसेल तर?”

तेवढ्यात चहा आला आणि प्रश्न तसाच राहिला.

पुढच्याच महिन्यात चिमणीच्या आत्याची शस्त्रक्रिया झाली. आत्या शिवणकाम करणारी. चिमणीचा शाळेचा पहिला गणवेश तिच्याच हातचा. गावाबाहेरच्या टेकडीवर दोन खोल्यांत ती एकटी राहायची. चिमणीने घरी चल म्हणून आग्रह केला, तर म्हणाली, “माझी मशीन माझ्याशिवाय झोपत नाही गं!” घरी पाठवताना वॉर्डातल्या एका सिस्टरनी पहिल्या बाटलीतला थेंब घालून दाखवला. चिमणीने घाईघाईत आत्याच्या तळहाताएवढ्या जुन्या फोनवर फिल्म पाठवली. “पुढचं सगळं यात आहे आत्या. बघ हं!”

आठवडाभर ती फोनवर विचारत होती, “फिल्म बघतेस ना?”

“बघते की. रोज बघते.”

आठव्या दिवशी आत्या तपासणीला आली, ती पदराने डोळा टिपतच. डोळा लालबुंद. डॉक्टरांनी पिशवीतल्या बाटल्या हातात घेतल्या. दुसऱ्या बाटलीचं सील तसंच होतं.

“हे सुरूच केलं नाहीत? आत सूज आली आहे.”

चिमणीचा आवाज चढला. “आत्या, अगं फिल्ममध्ये स्पष्ट दाखवलंय ना!”

आत्या ओशाळली. “तुमच्या इमारतीचं दार मला पाठ झालंय गं. औषध काही कधी आलंच नाही.”

तिने फोन पुढे केला. “वर नेट धड येत नाही. इमारत येते, बाग येते, डॉक्टर हसतात आणि मग ते चाक फिरतं, फिरतच राहतं. तेवढ्यात दिवसाचं नेट संपतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा इमारत.”

“मग मला सांगायचं नाही का?”

“किती हौसेने केलीस तू! शेजारणींना सांगितलं मी, आमच्या चिमणीची फिल्म आहे म्हणून. वाटलं, माझंच काही चुकत असेल.” आत्या डॉक्टरांकडे वळून हळूच म्हणाली, “साहेब, सुई ओवता येईल ना मला?”

त्या सुईवर आत्याचं सगळं आयुष्य शिवलेलं होतं!

“वेळेत आलात आजी,” डॉक्टर म्हणाले. “औषध वाढवतो. पण चार दिवसांनी दाखवायलाच हवं.”

बाहेरच्या बाकावर चिमणी मान खाली घालून बसली. मोठ्या सिस्टर शेजारी येऊन टेकल्या.

“तुमचं बरोबर होतं, सिस्टर.”

“बरोबर-चूक राहू द्या. मी वॉर्डात काय करते बघा. एकच औषध तान्ह्याला पातळ करून देते, म्हाताऱ्याला कुटून, धडधाकटाला गोळी. औषध तेच, घशाखाली उतरायला हवं ना! वाढणाऱ्याने आपली भूक बघून वाढू नये, मॅडम. तुम्ही फिल्म तपासलीत कुठे?”

“माझ्या खोलीत. मोठ्या स्क्रीनवर.”

“मग झालं तर!”

त्याच दुपारी चिमणी आत्याचा फोन घेऊन जिन्याखालच्या कोपऱ्यात गेली. तिथे नेट जेमतेम यायचं. एक डोळा हाताने झाकून तिने आपलीच फिल्म लावली. चाक फिरत राहिलं. अक्षरं आली तेव्हा मुंग्यांसारखी दिसली. अरेरे! आपण फिल्म आपल्याच डोळ्यांसाठी बनवली होती!

तिने इमारत काढली, बाग काढली, हसणारे डॉक्टर काढले. औषध पहिल्याच क्षणाला आणलं. ज्यांचं नेट कमजोर, त्यांच्यासाठी हलकी, मोठ्या अक्षरांची छोटी फिल्म केली. ज्यांना बघणं जमत नाही, त्यांच्यासाठी सिस्टरांच्या ठसठशीत आवाजातल्या सूचना, साध्या फोनवर नंबर लावला तरी ऐकू येतील अशा. मोठी फिल्मही ठेवली, हवी त्याला. छापील चिठ्ठी परत सुरू झाली. आत्याने त्यात एक टाका घातला. म्हणाली, “पहिल्या बाटलीला एक दोरा बांधा, दुसरीला दोन. बोटांनाही कळू दे की!” आणि घरी जाताना प्रत्येकाला विचारायचं ठरलं, “तुम्हाला बघायला बरं पडेल, ऐकायला की वाचायला?”

मोठे डॉक्टर म्हणाले, “एवढा खटाटोप?”

चिमणीने दोन दोरे बांधलेली बाटली त्यांच्यासमोर ठेवली. “डोळ्यापेक्षा मोठा नाही, सर.”

आत्याच्या डोळ्याची सूज दहा दिवसांत उतरली. महिन्याभराने चिमणी टेकडीवर गेली, तर आत्या उजेडात सुई धरून बसलेली. पहिल्यांदा दोरा हुकला. दुसऱ्यांदा आरपार! “बघ,” आत्या म्हणाली, “आता तुझी इमारतसुद्धा नीट दिसेल मला.” दोघी हसता हसता रडल्या.

त्या दिवसापासून चिमणीने एक नेम धरला. कोणतंही काम पुढे पाठवण्याआधी आत्याच्या फोनसारखाच एक जुना फोन घेऊन जिन्याखाली उभं राहायचं, एक डोळा झाकायचा, आणि जे दिसेल, ऐकू येईल, तेवढंच आपण सांगितलं असं मानायचं. नेम आजवर मोडलेला नाही.

मंडळी, आपणही रोज कुणाला ना कुणाला काही पाठवत असतो: शाळेची सूचना, कार्यालयाचा अर्ज, घरातला निरोप. पाठवलं म्हणजे पोहोचलं नव्हे. समोरच्याच्या हातात कोणता फोन आहे, त्याच्या घरी किती नेट येतं, त्याचे डोळे-कान कसे आहेत, हे एवढं विचारणं हीसुद्धा सेवाच आहे. आणि ज्याला कळलं नाही, त्याला “माझंच चुकत असेल” असं वाटू न देणं, ही तर आपली जबाबदारीच!