सातही इंजिनं लख्ख

फिटरनं काचेच्या कपाटाचं दार उघडलं, पहिलं इंजिन हातात घेतलं, आणि अचानक दाढ दुखायला लागावी तसं त्याचं तोंड झालं.

इंजिन लखलखत होतं. इतकं, की बॉयलरवर त्याला स्वतःचं नाक दिसलं. त्यानं मागची बघितली. सातही तशीच.

"कशी आहेत?" बायको हात पुसत मागे येऊन उभी होती. "तुम्ही दवाखान्यात होतात ना, तेव्हा बसून घासली. घर खायला उठायचं हो. हात रिकामा राहिला की मन भलतीकडे धावतं. म्हटलं, माणूस घरी आला की खूश होईल."

आता ही इंजिनं म्हणजे काय, ते सांगायला हवं. रेल्वेच्या खऱ्या वाफेच्या इंजिनाची पितळी नक्कल. ओ गेज नावाच्या मापाच्या छोट्या रुळांवर चालणारी, कोपरापासून मनगटापर्यंत लांब, रिव्हेट न् रिव्हेट जागच्या जागी. कारखान्यातूनच त्यांच्यावर वार्निशचा पातळ थर येतो. वर्षं जातात तसं त्याखालचं पितळ मधासारखं गडद होतं, आणि शौकिनांचा सगळा जीव त्या रंगात. घासलं की संपलं. थर गेला तो गेलाच, वर रिव्हेटांच्या फटींत पॉलिशची पांढरी पूड घट्ट बसते. फिटरनं अर्धं आयुष्य ही सात जमवण्यात घातलं होतं, आणि एकावरही कधी फडकं फिरवलं नव्हतं.

बायकोला हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं. वेळच आली नाही. ती त्या कपाटाकडे फिरकायची नाही. "माझ्या सवती" म्हणायची.

त्यानं तिची बोटं बघितली. नखांच्या कडा काळ्या पडल्या होत्या. धुऊनही गेल्या नव्हत्या.

"झकास," तो म्हणाला. "मी तर ओळखलीच नाहीत."

संध्याकाळी घड्याळजी आला. घड्याळं दुरुस्त करणारा त्याचा जुना दोस्त, आणि इंजिनांच्या बाबतीत त्याच्याहून दहापट खुळा. दोस्ताला बघायला आला खरा, पण पाय नेहमीप्रमाणे कपाटाकडे वळले.

"काय रे, यमानंही परत पाठवलं का तुला?" म्हणता म्हणता तो थबकला. "अरे देवा! हे कुणी—"

फिटर मोठ्यानं खोकला. छातीवर ताजे टाके असलेल्या माणसानं असं खोकू नये. डोळ्यांतून पाणी आलं. बायको पेला घेऊन धावली.

"कुणी काय, भावजी?"

घड्याळजीनं एकदा दोस्ताकडे बघितलं, एकदा पेला धरलेल्या बोटांकडे.

"कुणी एवढी मेहनत घेतली, म्हणत होतो."

"मीच की! तुमचीही आणा. घासून देते."

"छे छे, तुम्हाला कशाला त्रास."

"त्रास कसला त्यात?"

"आमची ठीक आहेत, वहिनी. असू द्यात."

तिनं पेला टेबलावर ठेवला, पण हात काढून घ्यायचं विसरली.

"का हो भावजी? घासायची नसतात का ही?" मग नवऱ्याकडे वळली. "मी काही वाकडं करून बसले का?"

फिटरनं तोंड उघडलं. पण सकाळी एकदा खोटं बोलला होता, तेवढ्यातच त्याचा साठा संपला होता.

"उद्या आणतो एक," घड्याळजी म्हणाला. "लाज वाटत होती हो. फार कळकट झालंय."

फिटर त्याला सोडायला दारापर्यंत गेला.

"घड्याळ्या, तुझं ते चाक गेलेलं इंजिन आण. काय फरक पडतो त्याला."

"तू मला शिकवू नकोस. जा, जाऊन पड."

दुसऱ्या दिवशी घड्याळजीनं टेबलावर खोका ठेवला आणि झाकण काढलं. फिटर खुर्चीतून अर्धा उठला. लांबलचक, मधासारखं, बारा चाकांचं ते इंजिन. हे दाखवताना घड्याळजी समोरच्याला तोंडावर रुमाल धरायला लावायचा. श्वासाची वाफ लागते म्हणे.

बायको फडकं आणायला आत गेली होती.

"हे?" फिटर पुटपुटला. "अरे गाढवा, मी तुला चाक गेलेलं—"

"वहिनी काय वेड्या आहेत? मोडकं आणलं असतं की कळलंच असतं त्यांना. गप बस."

ती आली. वर्तमानपत्र अंथरलं, फडक्यावर पॉलिश घेतलं आणि बॉयलरवरून पहिला हात फिरवला. फडकं काळं झालं. तिनं ते दोघांपुढे धरलं.

"बघा, किती मळ! एवढं देखणं इंजिन, आणि काय ही दशा."

"आमच्या घरी बघणारं कोण आहे, वहिनी," घड्याळजी म्हणाला.

ती थांबली. त्याच्याकडे बघितलं. मग दुसरा हात जरा हळू फिरवला, लहान पोराचं तोंड पुसावं तसा.

"मग इकडे आणत जा ना अधूनमधून," ती म्हणाली.

घड्याळजीनं खुर्ची पुढे ओढली आणि दोन्ही कोपरं टेबलावर टेकली.

"चाकंही सोडू नका, वहिनी."