वास गेला म्हणजे काय गेलं?

"गेला! वास गेला!"

बुटांच्या त्या कारखान्यात, पॅकिंगच्या खोलीत, एकच गलका उठला. कोणी हात जोडले, कोणी डोळे पुसले, आणि नाड्या ओवणारी बाई तर जमिनीवर लोळायचीच बाकी होती. मधोमध खोक्यांवर चादर टाकून केलेल्या आसनावर शुद्धिमहाराज बसले होते. कपडे पांढरेशुभ्र, आवाज मधात बुडवून काढलेला. पुढ्यात फडक्याने झाकलेली तांब्याची हंडी.

मघाशी महाराजांनी ते फडकं सैल केलं तेव्हा अशी घाण सुटली होती की माणसं ओकायच्या बेताला आली. पण महाराज शांत. म्हणाले, "हा हंडीचा वास नव्हे, बाळांनो. हा तुमच्या आतला मळ. हंडी फक्त त्याला हाक मारते. उठू नका, हलू नका. श्वास घ्या, सोडा. मळ निघेल तसा वास जाईल." लोकांनी श्वास घेतला, सोडला, आणि खरंच की हो, वास गेला!

नेमकी त्याच वेळी मोठीबाई आत आली. इतका वेळ ती अंगणात टेम्पोवाल्याशी भांडत होती, कारण त्याने भिजलेली खोकी आणून टाकली होती. कारखाना तिच्या नवऱ्याने काढला, तो गेल्यावर तिने चालवला, आणि आता आपण चालवतो असं तिच्या मुलाला वाटतं. शाळा तिने फारशी पाहिली नव्हती. माणसं मात्र पुष्कळ पाहिली होती.

"अगं बाई! काय मेलंय इथं?" ती पदर नाकाला लावून ओरडली.

महाराज गोड हसले. "येतो ना वास, माई? सगळ्यांचा गेला, तुमचाच राहिला. मान फार ताठ असली की मळ घट्ट बसतो."

दोघीतिघी तोंडावर हात ठेवून हसल्या. ज्यांना तिने काम शिकवलं त्याच! मोठीबाईच्या कानशिलापर्यंत आग गेली.

मुलगा पुटपुटला, "आई, बस ना जरा. तुझ्या भल्याचंच सांगतात."

"माझं भलं राहू दे. सून कुठाय?"

"चिकटवणीच्या खोलीत. महाराजांनी एकटीला बसवलंय. दार लावून."

या सगळ्या खटाटोपाचं कारण ही सूनच होती. तिला दिवस गेलेले, पोट चांगलं दिसायला लागलेलं, आणि सोल चिकटवायचं काम तिच्याच हाताखाली. सारखं डोकं धरायची, मळमळायचं, परवा तर चक्कर येऊन टेबलावर आदळली. "डोकं दुखतंय" हे ती इतक्यांदा म्हणाली होती की घरात कोणाच्या कानाला ते लागेनासंच झालं होतं. पडली तेव्हा मुलगा जागा झाला, आणि धावला तो थेट महाराजांकडे!

महाराजांनी निदान केलं: बाधा. उपाय: खिडक्या बंद, पंखा बंद, सोल चिकटवायच्या सोल्युशनचे डबे उघडे. "बाधेला तिचं खाद्य मिळू द्या, म्हणजे ती गाफील होईल. वास यायचा थांबला की समजा, गेली."

मोठीबाई बसली खरी, पण तिला चैन पडेना. पायाचा अंगठा जमिनीवर घासत होती, दाराकडे बघत होती. आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं की वास येत नाहीये. तिने जोरात श्वास ओढून बघितला. काही नाही.

"गेला ना, माई?" महाराजांनी बरोबर हेरलं.

खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि हो म्हणणं तर त्याहून नव्हतं. "पाणी पिऊन येते," म्हणत ती उठली. मागून कोणीतरी म्हणालं, "मोठीबाई पण गार पडल्या."

अंगणात ती येरझारा घालू लागली. जन्मभर कोणापुढे वाकले नाही, आणि हा हंडीवाला मला धुऊन काढणार? पण वास तर गेला होता. स्वतःच्या नाकाला खोटं कसं म्हणायचं? तिने चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं, पदराने चेहरा खसाखसा पुसला आणि तरातरा परत आत शिरली.

उंबऱ्यातच घाण थोबाडीत बसली. जशीच्या तशी!

ती तशीच मागे फिरली, अंगणात थांबली, पुन्हा आली. पुन्हा तीच घाण.

"महाराज, माझा मळ परत कसा आला हो?"

"बाहेर मनात काही वाईट आलं असेल, माई."

"आलं ना. तुमच्याबद्दलच आलं. पण ते इथं बसूनही येतच होतं, तेव्हा वास नाही आला!"

लोक हसायच्या आत तिचा चेहरा बदलला. बसलेल्यांना येत नाही. बाहेरून आलेल्याला येतो. आणि चिकटवणीच्या खोलीत? तिथे ओल्या सोल्युशनवर धूळ बसते म्हणून खिडक्या कायमच्या बंद, आणि पंखा कधी लावायचा, तर आतल्या कोणी वास येतोय म्हटलं तर. आतल्या बायांनी ते कधी म्हटलंच नव्हतं.

ती धावली. त्या वयात, त्या गुडघ्यांनी धावली. दार ढकललं तर वाफ डोळ्यांत चुरचुरत शिरली. सून स्टुलावर बसून टेबलावर डोकं टेकून होती.

"पोरी! ऊठ!"

"आई..." तिची जीभ जड झाली होती. "वास गेला हो. अजिबात येत नाही. आता सगळं बरं होईल."

"ऊठ म्हणते ना! अरे ए, या कोणीतरी!"

ओढतच तिला अंगणात आणलं. मोकळ्या हवेत तिला भडाभडा ओकारी झाली, मग ती हमसून रडायला लागली. मुलगा पांढराफटक पडला होता. "आता महाराजांना विचारू नकोस," मोठीबाई म्हणाली, "पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंना आण. पळ."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पोटातल्या बाळाचे ठोके ऐकले. "दोघंही सुखरूप," त्या म्हणाल्या. "पण आणखी थोडा वेळ आत राहिली असती तर मी हे म्हणू शकले नसते. मोठ्या दवाखान्यात नेऊन आजच पुन्हा तपासून घ्या. आणि बाळंत होईपर्यंत या खोलीचं तोंड बघायचं नाही."

मग, सुनेला दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंत, मोठीबाई पॅकिंगच्या खोलीच्या दारात उभी राहिली. "चला, सगळे अंगणात. महाराज, तुम्हीसुद्धा."

"आसन सोडता येत नाही, माई."

"आमची खोकी आहेत ती. उठा."

मुलाने, प्रथमच, महाराजांच्या दंडाला धरलं. सगळे बाहेर आले. मोठीबाईने त्यांना चांगलं ताटकळत ठेवलं. मग म्हणाली, "आता आत चला. महाराज पुढे."

महाराजांनी आत पाऊल टाकलं मात्र, त्यांचा हात आपोआप नाकाकडे गेला.

"काय हो," मोठीबाई म्हणाली, "अंगणात कुठलं पाप उरकून आलात?"

या वेळी जो हशा पिकला तो महाराजांना आसनावर परत बसू देणारा नव्हता. नाड्या ओवणाऱ्या बाईनेच फडकं ओढलं. हंडीत सडकी अंडी होती आणि नासवलेलं कोबीचं पाणी. महाराज हंडी तिथेच टाकून निघाले. त्यांना फाटकाबाहेर सोडायला कोणी गेलं नाही. पोलीस चौकीपर्यंत न्यायला मात्र मुलगा आणि टेम्पोवाला दोघे गेले.

"पण मग आमचा वास गेला कुठे?" एकीने विचारलं.

"कुठेच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तोच वास सारखा येत राहिला की नाक त्याची वर्दी द्यायचं सोडून देतं. अंगातला कपडा दिवसभर जाणवतो का? घड्याळाची टिकटिक ऐकू येते का? बरंच आहे ते, नाहीतर वेड लागेल. पण जाणवेनासं झालं म्हणजे नाहीसं झालं, असं नव्हे. विष तेवढंच राहतं. खबर बंद होते."

दुसऱ्या दिवशी चिकटवणीच्या खोलीच्या खिडक्या उघडल्या, त्यांना धूळ अडवायला जाळ्या बसल्या, आणि पंखा कोणाला न विचारता चालू राहू लागला. मुलगा तिथे उभा राहून म्हणाला, "आई, आता काही वास नाही हं."

"कधीपासून आत आहेस?"

"सकाळपासून."

"मग तुला कोण विचारतंय? बाहेर हो. मी येऊन बघते."

तर बायांनो आणि बाप्यांनो, तुमच्या दारी कोणी हंडी, धूर, गंडा घेऊन आला आणि म्हणाला, "बसा, थोड्या वेळात सगळं जाईल," तर बसू नका. उठा. उंबरा ओलांडून बाहेर जा, मोकळी हवा छातीत भरा आणि परत आत येऊन वास घ्या. जो तुम्हाला उठू देत नाही, त्याची हंडी आधी उघडा.