वारा पाहून पाठ फिरवणारी

हसा मित्रांनो, खुशाल हसा! मी एक जुनी क्रेन आहे आणि मी वारा पाहून पाठ फिरवते. माणसांत असे वागणाऱ्याला लोक नावे ठेवतात. ठेवू देत. मी अजून उभी आहे.

कारखान्यात लोखंडी दांडे जुळवून मला घडवले, पिवळाधमक रंग दिला. तेव्हापासून कितीतरी इमारती मी माझ्या खांद्याएवढ्या केल्या. इमारत पुरी झाली की लोक तिचे फोटो काढतात आणि मला सुटी करून ट्रकवर लादतात. गरज सरो, वैद्य मरो! आता रंग उडालाय, गंज चढलाय, पण माझा लांब हात ताठ आहे.

मला चालवते ती ताई. तिची केबिन माझ्या मानेपाशी आहे. उतरण्याआधी ती माझा फिरण्याचा ब्रेक सोडून ठेवते. मग वारा जिकडे जातो तिकडे माझा हात आपोआप वळतो आणि वारा अंगावरून सरकून जातो. मला जखडले, तर तोच वारा कुशीवर धडका देऊन मला आडवी करू शकतो.

पण समोरच्या बेकरीवाल्या आजींना हे कसे पटावे? केबिन रिकामी आणि मी आपली फिरतेय, हे पाहून त्यांची पाचावर धारण बसायची.

"अगं, तुझी क्रेन पिसाळलीय! एक दिवस आमच्या छपरावर येईल," त्या रोज ताईला म्हणायच्या.

शेवटी एका दुपारी जेवायला उतरताना, आजींचे मन राखायला, ताईने ब्रेक लावला.

"जरा वेळ गप्प उभी राहा गं," ती मला म्हणाली.

मला असा राग आला! मी काय दावणीची गाय आहे?

नेमके तेव्हाच वादळ सुटले. वारा थेट कुशीवर आला. माझे सांधे कण्हू लागले, पायाचे बोल्ट करकरले. खाली बेकरी होती. आत आजी होत्या, भट्टीवरची माणसे होती आणि डबा उघडून बसलेली ताई होती. तिने आवाज ऐकला, वर पाहिले आणि हातातला घास टाकून धावली.

"वर जाऊ नकोस! वेड लागलंय का?" बांधकामावरचे मुकादमकाका ओरडले.

"ब्रेक मी लावलाय काका, मीच काढणार. तुम्ही आधी आजींना बाहेर काढा!"

शिडी थरथरत होती. ताई एकेक पायरी कवटाळत चढत होती. माझा जीव टांगणीला लागला. पण वाऱ्याला मी बजावले, ही पोचेपर्यंत मी पडत नसते, काय करायचे ते कर!

ताई केबिनमध्ये शिरली. खटका ओढला. ब्रेक सुटला आणि मी गर्रकन वळले. वारा हात हलवत निघून गेला.

वादळ ओसरेपर्यंत ताई केबिनमध्ये बसून रडली. ती उतरली तेव्हा आजी शिडीशी उभ्या होत्या. त्यांनी तिला जवळ घेतले आणि म्हणाल्या, "फिरू दे गं बाई तिला, हवी तेवढी फिरू दे!"

मित्रांनो, मला कौतुक नको, नवा रंगही नको. वंगण तेवढे वेळेवर घाला. आणि वारा सुटला की आधी माझा ब्रेक सोडा, मग पोटभर हसा.